मागचा बार आधी काढा: रेसच्या एमजीबीचं सस्पेन्शन आणि स्वे बार

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६६ ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश, उघड्या छताची स्पोर्ट्स कार), लेफ्ट हँड ड्राइव्ह, व्हिंटेज रेसिंगसाठी तयार केलेली. रेस बहुतेक अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या लाइम रॉक पार्क ट्रॅकला. पुढे ७/८ इंचाचा स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, झुकणं रोखणारा रॉड), मागे आधीच्या मालकाने बसवलेला आणखी एक बार, गाडी बरीच खाली बसवलेली, डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअर) साधंच. तक्रारी दोन आहेत. वळणात शिरताना पुढची चाकं ऐकत नाहीत, स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागचं आतलं चाक जागच्या जागी फिरतं, इंजिन ओरडतं आणि गाडी काही पुढे जात नाही. तुम्ही विचारताय की पुढचा बार बारीक करू की मागचा जाड करू.

दोन्ही करू नका. मागचा बार काढून शेल्फवर ठेवा, पुढचा आहे तसाच राहू द्या. मग खाली सांगतो त्या गोष्टी तपासा, कारण शिरतानाचा तुमचा त्रास बारमुळे नसावा अशी मला दाट शंका आहे.

पुस्तकी सल्ला तुम्हाला माहीत आहेच: गाडी पुढून सुटत असेल, म्हणजे पुढच्या चाकांची पकड आधी जात असेल, तर पुढचा भाग मऊ करा किंवा मागचा कडक करा. हे चूक नाही. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या, सलग ॲक्सल (मागची दोन्ही चाकं एकाच कडक घराला जोडलेली) असलेल्या आणि साधं डिफरन्शियल असलेल्या गाडीत त्या सल्ल्याची किंमत वळणातून बाहेर पडताना मोजावी लागते. तुम्ही तीच मोजताय.

बार म्हणजे गाडीचं झुकणं कमी करणारा रॉड, एवढंच बहुतेक लोक धरून चालतात. झुकणं तो कमी करतो हे खरंच. पण रेसमध्ये त्याचं खरं काम वजनाची वाटणी ठरवण्याचं. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग बदला, बार बदला, ते एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. त्यातलं किती पुढच्या जोडीने सोसायचं आणि किती मागच्या, एवढंच तुमच्या हातात असतं. ज्या टोकाला बार जाड, त्या टोकाचं आतलं चाक जास्त हलकं होतं आणि बाहेरच्यावर जास्त भार येतो. टायरवर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत वजनाची फेकाफेक जास्त, त्या जोडीची एकूण पकड कमी.

आकड्यांत बघू. ड्रायव्हरसकट गाडी ९५० किलो धरा, गुरुत्वमध्य ४८ सेंटीमीटर उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १२५ सेंटीमीटर, वळणाचा जोर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट). बाहेरच्या बाजूला जाणारं वजन येतं ३२८ किलो. पुढे-मागे वजन निम्मंनिम्मं धरलं तर प्रत्येक चाकावर उभ्या गाडीत साधारण २३७ किलो. आता मागच्या बारमुळे त्या ३२८ पैकी ५५ टक्के मागच्या ॲक्सलने सोसले तर १८० किलो इकडून तिकडे गेले आणि मागच्या आतल्या चाकावर उरले ५७. मागचा बार काढल्यावर मागचा वाटा समजा ४२ टक्क्यांवर आला तर जातात १३८ किलो, उरतात जवळजवळ १००. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण प्रमाण असंच. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, आणि तोही कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल तेवढाच. म्हणजे ५७ चे १०० किलो झाले की वळणातून बाहेर पडताना गाडी ढकलणारी ताकद पाऊणपट वाढली. इंजिनमध्ये एवढा फरक पाडायला तुम्हाला किती डॉलर लागतील ते तुम्हीच बघा.

पुढचं आतलं चाक मात्र हलकं होणार. होऊ द्या. त्याला गाडी ढकलायची नाही. जिम क्लार्कने १९६४ मध्ये लोटस कॉर्टिनातून ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली, त्या गाडीचे फोटो काढून बघा: पुढचं आतलं चाक जमिनीपासून चांगलं वर, मागची दोन्ही जमिनीला घट्ट. फोटोत ते स्टंटसारखं दिसतं, पण मागची चाकं खाली ठेवण्याचा तो सरळ हिशेब आहे. त्याच काळातल्या मिनीत बरोबर उलटं दिसेल. तिथे पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून मागचं आतलं चाक हवेत. मागे जाड बार लावायचा सल्ला मिनीला चोख लागू पडतो. पॅडॉकमध्ये शेजारी उभ्या असलेल्या मिनीवाल्याचं ऐकून एमजीबीला मागे बार लावणारे मी खूप पाहिले आहेत.

आता लाइम रॉकबद्दल, कारण तो ट्रॅक तुमच्या गाडीचं दुखणं मुद्दाम वाढवतो. तिथे डावं वळण एकच, बाकी सगळी उजवी. बिग बेंड उजवं, अपहिल उजवं, वेस्ट बेंड उजवं, डाउनहिल उजवं. म्हणजे तुमचं मागचं आतलं चाक बहुतेक वेळा उजवंच. लेफ्ट हँड ड्राइव्ह असल्यामुळे तुम्ही स्वतः डाव्या बाजूला बसलेले, त्यामुळे उजवी बाजू आधीच हलकी. आणि तिसरी गोष्ट फारसं कुणी लक्षात घेत नाही. सलग ॲक्सलच्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर नेणारा फिरता दांडा) ॲक्सलच्या घराला पीळ देतो, आणि या फिरण्याच्या दिशेत तो पीळ डावं चाक खाली दाबतो आणि उजवं उचलतो. जेवढा जास्त ॲक्सिलरेटर, तेवढं उजवं मागचं चाक हलकं. तीन कारणं एकाच चाकावर येऊन पडतात, आणि त्यात मागचा बार चौथा. अपहिलच्या माथ्यावर तर गाडी आपोआपच हलकी होते. तिथे ते चाक धूर काढतं यात मला काहीच नवल वाटत नाही.

तर मग मागचा बार काढल्यावर शिरतानाचं सरळ जाणं वाढणार नाही का? कागदावर वाढायला हवं. पण पुढच्या भागात आधीच काहीतरी अडलेलं असेल तर हिशेब कागदासारखा चालत नाही. खाली बसवलेल्या एमजीबीत मी सर्वांत आधी बघतो तो बंपस्टॉप.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये चाक फार वर येऊ नये म्हणून रबराचा ठोकळा असतो. स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग टाकून गाडी दोन इंच खाली आणली की त्या रबराला आणि विशबोनला (चाक धरून वर-खाली हलणारा सस्पेन्शनचा हात) मधे बोटभरसुद्धा जागा उरत नाही. वळणात शिरताना बाहेरचं चाक वर येतं, रबराला टेकतं आणि त्या क्षणी तुमची स्प्रिंग दगडासारखी कडक होते. वजनाचा सगळा लोंढा त्या एका टायरवर येतो आणि पुढची पकड एकदम जाते. ड्रायव्हरला वाटतं बार जाड आहे. तपासायला दोन मिनिटं लागतात: रबराच्या टोकाला ओला पांढरा रंग किंवा घट्ट ग्रीस लावा, एक सेशन चालवा, परत येऊन समोरच्या पत्र्यावर ठसा उमटलाय का बघा. डाव्या बाजूला ठसा आणि उजव्या बाजूला नाही, असं लाइम रॉकला हमखास दिसतं. ठसा दिसला तर गाडी थोडी वर घ्या किंवा रबराची उंची कमी करा आणि मग स्प्रिंग कडक करा. रबर काढून फेकू नका, नाहीतर लोखंडावर लोखंड आपटेल.

गाडी वर घेण्याचं दुसरंही कारण आहे. पुढचे खालचे विशबोन गाडी खाली आणल्यावर बाहेरच्या टोकाकडे वर चढू लागतात. त्यामुळे पुढचा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. गुरुत्वमध्य एक इंच खाली आला म्हणून तुम्ही खूश होता, पण रोल सेंटर दोन इंच उतरलेला असतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. मग जास्त जाड बार, जास्त कडक स्प्रिंग, आणि हे चक्र थांबत नाही. माझा नियम साधा आहे: ड्रायव्हर बसलेला असताना खालच्या विशबोनचं आतलं टोक बाहेरच्या टोकाच्या खाली जाता कामा नये. समांतर चालेल. फोटोत गाडी जरा उंच दिसेल. त्याचं काही वाटून घेऊ नका. उंची बदलली की स्टीअरिंग रॅकचा कोनही बदलतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) किती बदलतो हे स्प्रिंग काढून, जॅकवर एकेक इंच चाक उचलून मोजा. फार बदलत असेल तर रॅकखाली शिम (पातळ पट्टी) टाकून सुधारता येतं.

कॅम्बरकडे या, म्हणजे समोरून पाहता चाक किती तिरकं आहे त्याकडे: वरची कड बाहेर झुकली तर पॉझिटिव्ह, आत झुकली तर निगेटिव्ह. एमजीबी कारखान्यातून सुमारे १ अंश पॉझिटिव्ह कॅम्बर, ७ अंश कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) आणि थोडा टो-इन घेऊन निघायची. १९६० च्या दशकातल्या रस्त्यावरच्या टायरला ते ठीक होतं. रेसला ते पॉझिटिव्ह कॅम्बर आधी घालवायला हवं. लांब खालचे विशबोन किंवा वरच्या ट्रनियनची (वरच्या सांध्याची) ऑफसेट बुश, म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेली बुश, दोन्ही वाटांनी ते जमतं. किती निगेटिव्ह ठेवायचं हे टायरवर आहे. डनलॉपचे जुन्या धर्तीचे एल सेक्शन किंवा तसे बायस प्लाय (आतले धागे तिरके असलेले) टायर असतील तर पाऊण ते दीड अंश पुरतो. त्यांची कड गोलसर असते, फार कॅम्बर दिला तर ब्रेक मारताना आतली कडच जमिनीला लागते. रेडियल असतील तर अडीच-तीन अंशांपर्यंत जावं लागतं. इंटरनेटवरचे आकडे उचलताना समोरच्याने कुठल्या टायरवर सांगितलंय हे आधी विचारा, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. सेशन संपवून पिटमध्ये येताच टायरचं तापमान आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेला मोजा. पुढच्या बाहेरच्या चाकाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा गरम असेल तर कॅम्बर अपुरा आहे किंवा गाडी फार झुकतेय. थंडावल्यावर मोजलेल्या आकड्यांना काही अर्थ नसतो.

या गाडीला पुढचा जाड बार का मानवतो, तेही इथेच कळतं. झुकताना बाहेरच्या चाकाचा कॅम्बर पॉझिटिव्हकडे सरकतो आणि टायर कडेवर उभा राहतो. बार झुकणं अडवतो, टायर सपाट राहतो. म्हणून एमजीबीत ९/१६ इंचावरून ३/४ वर गेलं की पुढची पकड कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. एका मर्यादेपर्यंतच, अर्थात. त्यापुढे पुस्तकी नियम आपला हक्क सांगतोच.

ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही, कारण बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. ९/१६ वरून ३/४ म्हणजे तिपटीहून जास्त. ३/४ वरून ७/८ म्हणजे ८५ टक्के वाढ. ७/८ वरून १ इंच म्हणजे आणखी ७० टक्के. इंचाचा आठवा भाग डोळ्यांना काहीच वाटत नाही, गाडीला फार वाटतो. म्हणून बार बदलण्यापेक्षा बारच्या दांड्याची लांबी बदलण्याची सोय करून घ्या. बारला सस्पेन्शनशी जोडणारी लिंक लावायला दांड्यावर इंचाइंचाच्या अंतराने दोन-तीन भोकं असली की काम होतं. दांडा ८ इंचांवरून ७ वर आणला तर कडकपणा साधारण ३० टक्के वाढतो, म्हणजे दोन बारांच्या मधली पायरी तुम्हाला पाना फिरवून मिळते. वजनाची चिंता असेल तर पोकळ बार बघा: १ इंच बाहेरचा व्यास आणि १/८ इंच जाडीची भिंत असलेली नळी ७/८ च्या भरीव बारपेक्षा कडक असते आणि वजनाला त्याच्या जेमतेम ५७ टक्के. नियमांत बसत असेल तर.

पण हे सगळं तेव्हाच लागू, जेव्हा बार मोकळा फिरतो. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा फिरत नाही. दोन्ही लिंक सोडा आणि बारचा दांडा हाताने वर-खाली करून बघा. एका हाताने सहज हलला पाहिजे. पॉलियुरेथेनच्या बुश नव्या टाकून क्लॅम्प करकचून आवळले की बार त्यात जाम बसतो. मग तो बार राहत नाही, चिकटणारी स्प्रिंग होतो: आधी अडतो, मग एकदम सुटतो. ड्रायव्हर सांगतो की गाडी कधी वळते, कधी वळत नाही. बुशला सिलिकॉन ग्रीस लावा आणि क्लॅम्पखाली पातळ शिम टाका, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळूनही बार फिरेल. हीच परीक्षा विशबोनचीही घ्या: स्प्रिंग, शॉक (शॉक अब्सॉर्बर) आणि बारची लिंक सोडल्यावर विशबोन स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अधांतरी लटकून राहिला तर बुश धरतेय. ७/८ चा बार शासीला जिथे बसतो ती जागाही निरखून बघा. कारखान्याने ती बारीक बारसाठी केली होती. जाड बारचा जोर तिथला पत्रा वाकवतो, भेगा पडतात, आत वेल्ड केलेले नट सुटतात. आतून पट्टी टाकून जागा मजबूत करून घ्या. ब्रॅकेटच लवचिक असेल तर बारचा अर्धा कडकपणा वाया.

मागचा बार काढल्यावर मागे पाहायचं ते पाट्यांकडे. पुण्याच्या गॅरेजमध्ये ज्याला आपण पाटा म्हणतो तीच अर्धलंबवर्तुळाकार लीफ स्प्रिंग इथे आहे. ॲक्सल पुढे-मागे, आडवा आणि वर-खाली, सगळं धरून ठेवायची जबाबदारी बिचारीची एकटीची. (इंजिनही ओळखीतलंच. आपल्या अँबेसिडरमध्ये १४८९ सीसीचं जे बी सीरिज होतं, एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं.) पाट्यांच्या पुढच्या डोळ्यातली बुश ढिली असेल तर वळणात ॲक्सल थोडा तिरका होतो आणि मागची चाकं स्वतःच स्टीअरिंग करतात. पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असेल तर गाडी जमिनीवर उभी असताना तो आडवा, जमिनीला समांतर असावा. तिरका असेल तर उजव्या आणि डाव्या वळणात गाडी वेगळी वागते. ॲक्सिलरेटर देताना मागून ठकठक करत ॲक्सल नाचत असेल, तर ते आतलं चाक फिरण्यापेक्षा वेगळं दुखणं आहे. त्याला ॲक्सलचा पीळ अडवणारे दांडे लागतात, बार काढून ते जाणार नाही.

पुढच्या स्प्रिंगबद्दल थोडक्यात. रोडस्टरची मूळ स्प्रिंग साधारण ३४८ पाउंड प्रति इंचाची होती, बंद छपराच्या जीटीची ४८०. रेसला ४८० हा सुरुवातीचा आकडा, तिथून वर. पण हे आकडे स्प्रिंगचे आहेत, चाकाचे नाहीत. स्प्रिंग विशबोनच्या मधे कुठेतरी बसते. चाक १ इंच वर गेल्यावर स्प्रिंग समजा अर्धा इंच दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या चौथा भागच, कारण प्रमाणाचा वर्ग होतो. मागे मात्र पाटा थेट ॲक्सलवर बसतो, तिथे १०० म्हणजे जवळपास १००. हे न समजल्यामुळे लोक पुढच्या ४८० ला फार कडक समजून घाबरतात आणि मागे भारी पाटे टाकून बसतात.

शिरतानाचा त्रास जर वळणाच्या अगदी सुरुवातीलाच, स्टीअरिंग फिरवल्याफिरवल्या होत असेल आणि गाडी एकदा स्थिरावली की बरी वळत असेल, तर दोष शॉकचा. बार आणि स्प्रिंग गाडी स्थिर झुकलेली असताना काय होईल ते ठरवतात. तिथपर्यंत गाडी किती वेगाने पोहोचते ते शॉक ठरवतो. एमजीबीचे आर्मस्ट्राँग लिव्हर आर्म शॉक लोकांना जुनाट वाटतात, पण नीट बांधलेले असले तर वाईट नसतात. पुढे तर शॉकचा हातच वरचा विशबोन आहे, त्यामुळे शाफ्टची बेअरिंग झिजली की दमनासोबत कॅम्बरही हलतो. चाक वरून धरून आत-बाहेर हलवा आणि कुणाला तरी शॉकच्या शाफ्टकडे बघायला सांगा. नुसतं जाड तेल घालून हे शॉक कडक होतात असा समज आहे. जाड तेलाने मुख्यतः हळू हालचालीतला विरोध वाढतो. खड्ड्यावर किंवा कर्बवर चाक झपकन उडतं तेव्हाचा विरोध आतल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग ठरवते, आणि तो वाढवायला तिथे शिम लागते किंवा स्प्रिंग बदलावी लागते.

दोन्ही बाजूंचे शॉक सारखे आहेत का हे बघायला महागडं यंत्र नको. शॉक वाइसमध्ये तो गाडीत बसतो तसाच सरळ पकडा. हात पूर्ण वर-खाली करत तेलातली हवा बाहेर येईपर्यंत पंप करा. मधे कुठे पोकळ झटका लागला तर हवा अजून आहे. मग हात वर नेऊन टोकाला ठरावीक वजन टांगा आणि तो खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजा. उलट दिशेसाठी तेच वजन दोरीने, कप्पीवरून घेऊन, हाताला वर ओढायला लावा. डाव्या आणि उजव्या शॉकच्या वेळा जुळल्या पाहिजेत. न जुळणारी जोडी गाडीत घालून बार ट्यून करत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. आणि ही परीक्षा गार शॉकवर केल्यानंतर, रेस संपल्या संपल्या हात लावून बघा. फार तापलेला असेल तर शेवटच्या लॅपमध्ये गाडी वेगळी का वागते त्याचं उत्तर तिथेच आहे.

चारही चाकांचं वजन आता करा, आधी नाही. सपाट जागा, चार काटे, टायरमध्ये रेसची हवा, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही स्वतः, हेल्मेटसकट. स्वे बारची एक लिंक सोडलेली हवी. नाहीतर बारमध्ये अडकलेला पीळ वजनं फिरवतो आणि तुम्ही स्प्रिंगला दोष देत बसता. दोन्ही कर्णांवरची वजनं (पुढचं डावं अधिक मागचं उजवं, आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं) आधी समसमान आणा, मग गाडी काट्यांवर असतानाच ती लिंक परत जोडा. बोल्ट बोटांनी ढकलून भोकात सरकला पाहिजे. हातोडी लागली तर लिंकची लांबी जुळवून घ्या. म्हणून एका बाजूला तरी लांबी कमी-जास्त होणारी लिंक असू द्या.

लाइम रॉकसाठी यात एक लबाडी करता येते. पुढचं डावं आणि मागचं उजवं या कर्णावर थोडं जास्त वजन ठेवलं, एकूण वजनाच्या एक-दीड टक्का, तर उजव्या वळणांतून बाहेर पडताना त्या हलक्या मागच्या चाकाला आधार मिळतो. डावं वळण थोडं बिघडतं, पण तिथे ते एकच आहे. शिरताना सरळ जाण्याची सवय या बदलाने किंचित वाढते, म्हणून बंपस्टॉप, कॅम्बर आणि बारचं जाम होणं ही कामं झाल्यावरच याला हात लावा. दुसऱ्या ट्रॅकला जाण्याआधी वजन परत समान करायला विसरू नका.

ट्रॅकवर पहिल्या दिवशी माझा क्रम असा असेल: मागचा बार काढलेला, पुढे ७/८ सर्वांत लांब दांड्यावर, म्हणजे सर्वांत मऊ. एका वेळी एकच बदल. तापमानं आणि हवेचा दाब लगेच लिहून ठेवा, गाडी वळणात शिरताना, मधे आणि बाहेर पडताना काय करते ते वेगवेगळं लिहा. वळणाच्या मध्यावर पुढून सुटते आणि टायरची बाहेरची कड गरम आहे, तर कॅम्बर वाढवा किंवा बार एक भोक कडक करून बघा. हो, कडक. पुढून सुटते पण टायरचं तापमान तिन्ही ठिकाणी सारखं आहे, तर बार मऊ करायची वेळ आली, त्याआधी नाही. मागून सुटायला लागली तर आधी मागच्या टायरची हवा बघा.

तुमच्यासोबत मित्राची ट्रायम्फ स्पिटफायर असते असं लिहिलंय, त्याला मात्र यातलं फार काही सांगू नका. जुन्या स्पिटफायरच्या मागे स्विंग ॲक्सल असतो, तिथे मागचं बाहेरचं चाक पोटाखाली दुमडून गाडी वर उचलली जाते. त्यावर मागे स्वे बार म्हणजे संकटाला आमंत्रण. ट्रायम्फने स्वतः १९७० च्या मार्क ४ मध्ये मागचा पाटा मधे मोकळा फिरणारा केला आणि मागचा झुकण्याचा विरोध मुद्दाम कमी करून तो भार पुढच्या बारवर टाकला. आणि लोटस सेव्हन असेल तर पुढचा बारच वरच्या विशबोनचा एक पाय आहे, त्यामुळे तिथे बार बदलताना चाकाची बैठकही हलते, बदलल्यावर कॅम्बर-कॅस्टर पुन्हा मोजावे लागतात.

हे सगळं करूनही अपहिलला आतलं चाक फिरत राहिलं तर पुढचा बार आणखी एक भोक कडक करा आणि मागचे पाटे एक पायरी मऊ. त्यानंतर उरतं ते लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक फिरू लागलं तरी दुसऱ्याला जोर देणारं. प्लेटचं असो की गिअरचं, आधी तुमच्या क्लबच्या नियमांत बसतंय का ते बघून घ्या. आणि ते बसवलं की पुढचा बार परत मऊ करून बघा, कारण आतलं चाक जमिनीवर धरून ठेवायची गरज तेव्हा कमी झालेली असेल.